देवळाचा लेख, तीन नवी खाती आणि रोजची उलटापालट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिक जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या महादेवाच्या देवळावर तुम्ही मराठी विकिपीडियात लेख लिहिला. देऊळ पेशवाईतलं आहे असं त्यात म्हटलं. मग तीन नवी खाती उगवली. त्यातलं एखादं येतं, 'पेशवेकालीन' काढून 'बाराव्या शतकातील हेमाडपंती मंदिर' असं करून जातं. तुम्ही तो बदल उलटवता, म्हणजे आधीचा मजकूर परत आणता, की दुसरं खातं येऊन तेच पुन्हा करतं. तिन्हींच्या मागे देवस्थान ट्रस्टमधला एकच गृहस्थ आहे याबद्दल तुमच्या मनात शंका नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: त्याला उघडं कसं पाडायचं, आपणही दोन मित्रांना खाती उघडायला लावायची का, आणि सायबर पोलिसांत तक्रार द्यायची का.

या तिन्ही प्रश्नांत तो गृहस्थ आहे, देऊळ मात्र एकातही नाही. नेमकं इथेच घोडं पेंड खातंय. तुमच्यासमोर दोन वेगळी भांडणं आहेत आणि ती एकमेकांत गुंतली आहेत. एक, लेखात काय असावं. दोन, समोरचा माणूस नियमाने वागतोय का. पहिल्याचा निकाल लावल्याशिवाय दुसऱ्याला हात घातला, तर बघणाऱ्याला ही गावातली भाऊबंदकी वाटते आणि कोणीही त्यात पडत नाही. मी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही विकिपीडियांवर बरीच वर्षं संपादन करतो, इथल्या कॉलेजांत कार्यशाळा घेतो, आणि अशा वादांत मध्यस्थीही करत आलोय. त्या अनुभवावरून सांगतो, क्रम उलटा लावा.

घटकाभर धरून चालू की ती तीन खाती खरोखर तीन वेगळ्या गावकऱ्यांची आहेत. म्हणून देऊळ बाराव्या शतकातलं होतं का? आणि तिन्ही एकाच माणसाची निघाली, म्हणून ते पेशवाईतलं ठरतं का? खोट्या खात्यांची सगळी ताकद डोकी मोजण्यात असते. 'बघा, आम्ही तिघं म्हणतोय, हा एकटाच अडून बसलाय' असा देखावा उभा करायचा, एवढंच त्यांचं काम. कागदावर विकिपीडियाचे निर्णय मतदानाने होत नाहीत, संदर्भाने होतात. व्यवहारात मात्र मराठीसारख्या छोट्या विकीवर दिवसभराची नोकरी करून रात्री लॉग इन झालेला प्रचालक (पानं कुलूपबंद करण्याचा, खाती ब्लॉक करण्याचा अधिकार असलेला सदस्य) इतिहासपान, म्हणजे लेखातल्या सगळ्या बदलांची यादी, उघडतो, एका बाजूला तीन नावं, दुसऱ्या बाजूला एक बघतो, आणि त्याच्यावर त्याचा परिणाम होतोच. म्हणून डोकी मोजायची वेळच येणार नाही इतका संदर्भ पक्का करायचा.

आता थोडं कडू बोलतो. तुमच्याकडे संदर्भ काय आहे? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे गावातल्या जुन्या माणसांचं सांगणं आणि देवळाच्या ओवरीतली पाटी. समोरच्याकडे ट्रस्टचं माहितीपत्रक आहे. विकिपीडियाच्या तराजूत दोन्ही जवळपास सारखीच हलकी भरतात. आज तुम्ही त्याला खोट्या खात्यांच्या आरोपावरून बाहेर काढलंत, तरी उद्या एखादा तिऱ्हाईत संपादक येऊन तुमचंही वाक्य 'संदर्भ हवा' असा साचा, म्हणजे ठरावीक सूचनेची पट्टी, लावून ठेवील, आणि त्याचं चुकणार नाही.

त्यात तुमच्या वादाचा विषयच असा आहे की दोघंही अर्धे बरोबर असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं जुनं देऊळ दिसलं की लोक 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतात. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या काळातला मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. तेव्हा 'बाराव्या शतकातील हेमाडपंती' हे वाक्य शब्दशः घेतलं तर स्वतःच्याच पायावर उभं राहत नाही. ढोबळ अर्थाने, म्हणजे यादवकालीन शैली या अर्थाने घेतलं तर चालतं. सिन्नरचा गोंदेश्वर बघा. तो हेमाद्रीच्या आधीचा मानतात, तरी सर्रास हेमाडपंती म्हणून सांगितला जातो. दुसऱ्या बाजूला, स्थान जुनं आणि इमारत नवी हा आपल्या जिल्ह्यातला नेहमीचा प्रकार. त्र्यंबकेश्वराचं आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, म्हणून तिथलं ज्योतिर्लिंग पेशवाईतलं असं कोणी म्हणत नाही. तुमच्या देवळाचा गाभारा आणि जोतं जुनं, शिखर आणि सभामंडप पेशवाईतला, असं निघालं तर तुम्ही दोघं नक्की कशावरून भांडत होतात?

म्हणून पहिलं काम वाचनालयातलं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा आहे, १८८३ सालचा. त्यात गावांची वर्णनं अक्षरानुक्रमे दिली आहेत आणि बऱ्याच ठिकाणी देवळं, शिलालेख, जत्रा, वर्षासन यांच्या नोंदी आहेत. १९७५ ची सुधारित आवृत्तीही बघा. दोन्ही आता ऑनलाइन सापडतात. पण जुनी स्थानिक पुस्तकं, संस्थांच्या स्मरणिका वगैरे चाळायच्या असतील तर १८४० पासून चालत आलेलं आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय गाठा आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना सरळ विचारा. गॅझेटियर म्हणजे वेदवाक्य नव्हे. इंग्रज अधिकाऱ्याने गावातल्या कुणाला तरी विचारूनच बऱ्याच गोष्टी लिहिल्या आहेत. पण 'गॅझेटियरमध्ये असं म्हटलं आहे' हे वाक्य कोणालाही पडताळता येतं, आणि तेवढंच आपल्याला हवं आहे.

काहीच सापडलं नाही तर? तर काळाचा उल्लेख दोघांचाही जाईल. देऊळ कुठे आहे, रचना कशी आहे, जत्रा कधी भरते, याच्यावर लेख उत्तम उभा राहतो. शतक नाही म्हणून देवाचं काही अडत नाही. हे पचवणं मात्र भल्याभल्यांना जड जातं, हे मी पाहिलंय.

बातम्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. समोरचं खातं आता एखाद्या वर्तमानपत्राची कात्रणं आणेल. बातमीची तारीख बघा आणि त्या तारखेला लेखात काय लिहिलेलं होतं ते इतिहासपानावर जाऊन तपासा. महाशिवरात्रीच्या पुरवणीला मजकूर हवा असतो. वार्ताहर विकिपीडिया उघडतो, तिथलं वाक्य उचलतो, आणि महिन्याभराने तेच वाक्य बातमीचा संदर्भ लावून विकिपीडियावर परत येतं. आपलीच शेपटी आपणच पकडलेली. असं झालं असेल तर चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवा. बाकी एक शब्दही बोलायची गरज नाही.

आणि जिथे खरोखरच दोन बाजू आहेत, तिथे एकीला जिंकवायचा हट्ट सोडायचा. आपल्या त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीचंच उदाहरण घ्या. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून आपण अंजनेरी सांगतो, कर्नाटकात किष्किंधेजवळचा अंजनाद्री सांगतात, आणि २०२१ मध्ये तिरुमला तिरुपती देवस्थानाने तिरुमलाजवळचं अंजनाद्री हेच जन्मस्थान असल्याचा दावा केला. मे २०२२ अखेर नाशकात यावर धर्मसंसद भरली, तर तिथे बसण्याच्या मानावरून सुरू झालेला वाद हातघाईवर आला. साधुमहंतांना जे एका मांडवात बसून सुटलं नाही ते लेखातल्या एका वाक्याने सुटणार नाही. तिथे लिहायचं ते असं की स्थानिक परंपरेनुसार अंजनेरी हे जन्मस्थान मानलं जातं, अमुक ठिकाणीही असाच दावा आहे, आणि प्रत्येक दाव्यापुढे तो कोणाचा ते. 'आहे' आणि 'मानले जाते' यांच्यातलं अंतर राखलं की निम्मी संपादनयुद्धं जागच्या जागी थंड होतात.

आता तुमच्या स्वतःच्या वागण्याकडे वळू. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणं हा सरळ नियमभंग आहे. तुम्ही बरोबर होतात की नाही हे तिथे विचारतही नाहीत. तीन वेळा उलटवणं हा हक्क आहे असंही कोणी समजू नये. रोज दोनदा उलटवत महिना काढणाऱ्यालाही ब्लॉक केलं जातं. मराठीत काटेकोर मोजणी सहसा होत नाही, प्रचालकाच्या विवेकावर बरंच असतं, पण चाल तीच. आता समोरच्याने तीन खाती का वापरली असतील ते बघा. इतिहासपानावर त्याच्या प्रत्येक नावापुढे दोन-तीन बदल दिसतात, आणि तुमचं एकच नाव पानभर. सगळं वाचायला ज्याला वेळ नाही, त्याच्या नजरेत युद्धखोर तुम्हीच. म्हणून आजपासून उलटवणं बंद. चुकीचं वाक्य चार दिवस राहिलं तर राहू द्या.

ते पान कोणीतरी सुरक्षित करेल, म्हणजे संपादनाला बंद करेल, आणि बहुधा समोरच्याच्या आवृत्तीवर करेल. प्रचालक नेहमी चुकीच्याच आवृत्तीला कुलूप लावतो, हा विकिपीडियनांमधला जगभरचा जुना विनोद आहे, कारण दोन्ही बाजूंना तसंच वाटतं. त्यावरून प्रचालकाशी भांडू नका. पान अर्धसुरक्षित केलं, म्हणजे अगदी नव्या खात्यांना संपादन बंद केलं, तर तुमच्यासारख्या प्रकरणात ते ब्लॉकपेक्षा जास्त उपयोगी पडतं. माणूस कोण हे शोधायची गरजच उरत नाही. तुम्ही मागणी करायची असेल तर हीच करा.

चर्चापानावर काय लिहायचं, याचा नमुना देतो. मी साधारण असंच लिहितो:

'लेखातील मंदिराच्या काळाबद्दल दोन मतं दिसत आहेत. मी गॅझेटियर (१८८३), पृष्ठ अमुक, पाहिलं. तिथे असा उल्लेख आहे: … बाराव्या शतकाबद्दल प्रकाशित संदर्भ कोणाकडे असल्यास कृपया इथे द्यावा. सात दिवसांत न आल्यास काळाचं वाक्य तूर्त काढावं असं सुचवतो. तोवर मी त्या वाक्यात बदल करणार नाही.'

यात 'तुम्ही लोक', 'ट्रस्ट', 'खोटी खाती' यांतलं काही नाही. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही स्वतःला बांधून घेतलंत की समोरच्याचा पुढचा प्रत्येक बदल उघड्यावर पडतो. त्याने संदर्भ दिला तर वाद मिटला. नाही दिला आणि तिसऱ्या खात्याने पुन्हा वाक्य बदललं, तर तिऱ्हाइताला आता वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मग चावडीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, दोन ओळींची सूचना टाका: अमुक चर्चापानावर मतं हवी आहेत. 'मला पाठिंबा द्या' असं लिहायचं नाही, फक्त पत्ता द्यायचा.

आता खात्यांकडे येऊ. एकाहून जास्त खाती असणं हा मुळात गुन्हा नाही. बॉट, म्हणजे आपोआप बदल करणारा प्रोग्राम, चालवणाऱ्यांचं वेगळं खातं असतं, सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या संगणकावर वापरायला काहींचं दुसरं असतं, आणि ते तसं जाहीर करतात. जे चालत नाही ते म्हणजे एका वादात दोन तोंडांनी बोलणं, ब्लॉक चुकवणं, किंवा उलटवण्याची मोजणी चुकवायला खाती वाटून घेणं. यालाच सॉकपपेट म्हणतात. म्हणून आरोप करताना 'याची तीन खाती आहेत' एवढं म्हणून भागत नाही. ती वादात कशी वापरली ते दाखवावं लागतं.

आणि एकसारखी दिसणारी खाती एका माणसाची असतीलच असं नाही. सत्तावीस फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यशाळा होतात. एका प्रयोगशाळेत तीस-पस्तीस मुलं बसतात, सगळ्यांची खाती तासाभरात उघडलेली, सगळ्यांचा आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) एक, आणि प्राध्यापकांनी सगळ्यांना 'गोदावरी' लेखात एक वाक्य घालायला सांगितलेलं. बाहेरून बघणाऱ्याला ही अख्खी फौज वाटते. (कार्यशाळा घेणाऱ्यांसाठी जाता जाता: एका आयपीवरून दिवसाला सहाच खाती उघडतात. सातव्या मुलापासून रडारड सुरू होते, तेव्हा सवलत आधी मागून ठेवा किंवा मुलांना घरून खातं उघडून यायला सांगा.) तुमच्या प्रकरणातही ट्रस्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी 'विकिपीडियावर आपल्या देवळाबद्दल चुकीचं लिहिलंय' असं टाकलं असेल आणि खरंच तिघं येऊन थडकले असतील. नियमाच्या दृष्टीने बोलावून आणलेले लोकही जवळपास सॉकपपेटसारखेच मोजले जातात. माणसं वेगळी असली तरी मत एकच धरतात. पण तुम्ही 'एकच माणूस' असा आरोप केलात आणि ते तिघं निघाले, तर तुमचा शब्द तिथून पुढे हलका होतो.

पुरावा दोन प्रकारचा असतो. तांत्रिक तपासणी म्हणजे चेकयुझर. त्यात आयपी पत्ता आणि ब्राउझर, उपकरण यांची माहिती दिसते. ही नोंद ९० दिवसच ठेवली जाते, त्यामुळे जुनी प्रकरणं उकरून काही मिळत नाही. मराठी विकिपीडियावर हा अधिकार असलेले स्थानिक सदस्य नाहीत. विनंती मेटा-विकीवर (सगळ्या विकींच्या सामाईक कारभाराच्या विकीवर) स्टुअर्डांकडे, म्हणजे सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या सदस्यांकडे, करावी लागते. नुसत्या संशयावर ते तपासत नाहीत, आधी वागणुकीचा पुरावा मागतात. उत्तरही 'होय, तोच' असं क्वचित येतं. पक्कं, संभाव्य, शक्य, असंबंधित, सांगता येत नाही, अशा पायऱ्यांत येतं. आपल्याकडे मोबाइल इंटरनेटवर एका आयपी पत्त्याआड एकाच वेळी प्रचंड संख्येने ग्राहक असतात, आणि एकाच माणसाचा पत्ता दिवसात अनेकदा बदलतो. सिडकोतला विद्यार्थी आणि पंचवटीतला पुजारी एकाच पत्त्यावर दिसू शकतात. त्यामुळे तांत्रिक निकाल हा शेवटचा शब्द समजू नका, दोन्ही दिशांनी. लॉग इन न करता केलेल्या बदलांना पूर्वी आयपी पत्ता दिसायचा. आता त्याजागी लाटेच्या चिन्हाने (~) आणि वर्षाच्या आकड्याने सुरू होणारं तात्पुरतं खातं दिसतं आणि तेही ९० दिवसांनी संपतं. म्हणजे सामान्य सदस्याने आयपीवरून गाव शोधायचे दिवस गेले, आणि बरंच झालं.

खरं काम वागणुकीच्या पुराव्यानेच होतं, आणि मराठीत त्याची एक खास गंमत आहे. 'दुसऱ्या' किंवा 'पायऱ्या' हे शब्द घ्या. यातला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. दुसऱ्यात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधचौकटीत एक टाकलं तर दुसरं बहुतेक वेळा सापडत नाही. 'ॲ'चंही तसंच: कोणी एकच अक्षर टाइप करतं, कोणी अ लिहून वर चंद्र काढतं. प्रत्येक कीबोर्डची आपली सवय असते आणि टाइप करणाऱ्याला ती माहीतही नसते. तिन्ही खाती एकाच दुर्मीळ पद्धतीने ऱ्या लिहीत असतील, पूर्णविरामाआधी जागा सोडत असतील आणि बदलाच्या सारांशात एकाच चुकीने 'संर्दभ' लिहीत असतील, तर ते मिळून काहीतरी सांगतं. सुटं सुटं काहीच सांगत नाही. फोनवरच्या लोकप्रिय कीबोर्डने निम्मा महाराष्ट्र एकाच पद्धतीने टाइप करतो. याखेरीज आणखी बऱ्याच खुणा आम्ही बघतो. त्या इथे लिहीत नाही, कारण उत्तर तुम्ही वाचाल तसं तोही वाचेल.

तक्रार लिहिताना फरकांच्या जोड्या द्या. फरक म्हणजे एका बदलाच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी दाखवणारं पान. पहिल्या खात्याचा अमुक तारखेचा बदल आणि शेजारी दुसऱ्याचा तमुक तारखेचा, आणि दोन्हींत नेमकं काय सारखं आहे ते एका वाक्यात. खातं कधी उघडलं, पहिला बदल कुठे केला, याच एका लेखाबाहेर काही केलं आहे का, ते लिहा. आधीच्या खात्याचा बदल उलटवला जाताच ते खातं किती मिनिटांत जागं होतं तेही लिहा. एका पडद्यावर मावेल एवढंच. मला येणाऱ्या तक्रारींत पाच पानांची कैफियत असते आणि फरकाचा दुवा एकही नसतो. ती बाजूला राहते, कितीही खरी असली तरी. आणि त्यात त्या गृहस्थाचं नाव, हुद्दा, फोटो घालू नका. टोपणनावामागचा माणूस जाहीर करणं हा विकिपीडियावर खोट्या खात्यांपेक्षा मोठा गुन्हा धरतात. तुम्ही शंभर टक्के बरोबर असलात तरी पहिला ब्लॉक तुमचा होईल.

मित्रांबद्दलचं उत्तर आता तुम्हालाच कळलं असेल. नको. दोन नवी खाती येऊन तुमच्या बाजूने बोलली की प्रचालकाला पाच सॉकपपेट दिसतील, आणि त्यांतली दोन तुमची. मित्रांना खरंच लिहायची हौस असेल तर त्यांना गावच्या शाळेवर, नदीवर, बाजारावर लिहू द्या. या लेखाच्या आसपास फिरकू देऊ नका.

सायबर पोलिसांकडे जायचं का? खोट्या नावाने विकिपीडियावर संपादन करणं हा स्वतःहून कायद्याने गुन्हा नाही. तुमचं नाव, तुमचा फोटो लावून कोणी खातं काढलं असेल, तुम्हाला धमक्या येत असतील, तर गोष्ट निराळी. तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६ सी, ६६ डी लागू शकतात आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. आणखी एक अपवाद. 'पैसे द्या, तुमचा लेख आम्ही सांभाळतो' असा फोन ट्रस्टला किंवा तुम्हाला आला, तर तो कॉल लगेच प्रचालकांच्या कानावर घाला. इंग्रजी विकिपीडियाने २०१५ मध्ये ऑरेंजमूडी नावाच्या प्रकरणात ३८१ खाती ब्लॉक केली. ती टोळी नाकारलेले लेख शोधून त्यांच्या मालकांकडून पैसे उकळत होती.

मंदिराच्या शतकावरून मात्र पोलीस स्टेशन गाठू नका, आणि चर्चापानावर 'कोर्टात खेचतो' असं चुकूनही लिहू नका. तशी धमकी दिली की ब्लॉक होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. त्या मजकुराबद्दल कोणाचं मत काहीही असो, त्यानंतर इथले जाणते संपादक इतिहासाच्या लेखांना हात लावताना दोनदा विचार करायला लागले, हे मी जवळून बघतोय. तुमच्या लेखाला तेच लोक हवे आहेत.

राहिला एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण येईलच. समजा खाती पकडली गेली, ब्लॉक झाली. त्यांनी घातलेलं सगळं काढून टाकायचं का? ब्लॉक चुकवून केलेले बदल कोणीही उलटवू शकतं, पण उलटवायलाच हवेत असं नाही. तुमच्या लेखातला जत्रेचा परिच्छेद आणि देवळाचा नकाशा त्यांच्यापैकीच एकाने घातलाय आणि चांगला घातलाय, मी पाहिला. तो तपासा, संदर्भ जोडा आणि तुमच्या जबाबदारीवर ठेवा. आणि तो गृहस्थ चौथं खातं घेऊन आला तर चर्चापानावर त्याच्याशी बोलत बसू नका. जुन्या तक्रारीखाली नव्या खात्याचं नाव आणि एक फरक, एवढंच जोडा. उलटवायचं काम प्रचालकाला करू द्या. त्याच्याकडून कधी तुमच्या देवळाचा छापील शिलालेख-वाचनाचा संदर्भ आला, तर मात्र तो ज्या नावाने येईल त्या नावाने घ्या आणि वाक्य बदला.